सहा दिवसांची तालीम, साठ रात्री: झाडीपट्टीच्या सीझनची पडद्यामागची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तीन वर्षं एकांकिका स्पर्धांचं बॅकस्टेज केलंय. यंदा झाडीपट्टीतल्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, एका नाटक कंपनीने सीझनभर मागची व्यवस्था सांभाळायला बोलावलंय. नाटक तीन अंकी, माणसं पंचवीसेक, भाऊबीजेपासून ६० च्या आसपास प्रयोग आणि तालमीला दिवस फक्त ६. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, "होऊन जाते ना भाऊ, काळजी काहून करता?" तर सहा दिवसांत तीन अंकी नाटक बसतं कसं, आणि त्याआधी तुम्ही तयारी काय करायची?

मी या कामात १९ सीझन काढलेत. पहिले चार पडदे ओढण्यात गेले, पुढचे सहा नाटक वाचून देणाऱ्या प्रॉम्प्टरच्या शेजारी बसून, आणि त्यानंतर मागची सगळी बाजू माझ्याकडे आली. त्या आधारावर सांगतो. सहा दिवसांत नाटक तुमच्या अर्थाने बसत नाही. तुम्ही दोन-दोन महिने तालीम करून पाऊण तासाचा प्रयोग एका रात्रीसाठी घट्ट करता. भरत नाट्य मंदिराचा रंगमंच काल जिथे होता तिथेच उद्याही असतो, विंगा तेवढ्याच, लाइटचे पॉइंट तेच. आमच्याकडे रोज संध्याकाळी वेगळ्या गावचं वेगळं शेत असतं, स्टेजची रुंदी रोज वेगळी, वीज रोज वेगळी, आणि पहाटेपर्यंत नाटक चालवून सकाळी ते सगळं गाडीत चढवायचं असतं. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न तालमीच्या दिवसांचा नाही. कुठल्याही शेतात, कुठल्याही रात्री हे नाटक दोन तासांत उभं राहील अशी व्यवस्था भाऊबीजेच्या आधी लावायची आहे. सहा दिवस पुरतात ते या व्यवस्थेमुळे. ती नसेल तर साठ दिवसही पुरणार नाहीत.

बरंचसं कंपनीवर अवलंबून आहे. म्हणून येण्याआधी मालकांना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या. नाटक नवीन आहे की गेल्या वर्षीचं? सीझनला एकच नाटक आहे की गावाच्या पसंतीप्रमाणे दोन-तीन? पडदे, लाइट, माईक कंपनीचे स्वतःचे आहेत की भाड्याचे? जुनं नाटक आणि निम्मे जुने कलाकार असतील तर सहा दिवस पुष्कळ झाले. तीन नाटकं असतील तर मी पुढे सांगतोय त्यातलं सामानाच्या पेट्यांचं काम तिप्पट होईल. माल भाड्याचा असेल तर सोबत येणारी माणसं कोण आहेत हे आधी कळलं पाहिजे, कारण त्यांच्याशी तुमचं जमलं नाही तर तुमची कुठलीच यादी कामाची राहणार नाही.

आता आमचं वर्ष कसं चालतं ते बघा, म्हणजे पुढचं कळेल. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. रोवण्या, म्हणजे धानाच्या लावण्या, आटोपल्या की कंपन्यांमध्ये नाटक आणि कलाकार ठरायला लागतात. दसऱ्याच्या आगेमागे गावोगावची मंडळं तारखा घ्यायला वडशाला येतात. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं स्टेशन आणि चारही जिल्ह्यांकडे फुटणारे रस्ते, यामुळे बहुतेक कंपन्यांची कार्यालयं वडशातच. भाऊबीजेपासून मंडया भरतात. गावची मंडई म्हणजे दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, लेकी-जावई पाहुणपणाला, आणि रात्री नाटक. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, तारखा येतात. २०१४ मध्ये पटांवर बंदी आली तेव्हा त्या तारखा मंदावल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती कायम ठेवली, आणि सीझनचा उत्तरार्ध पुन्हा भरला. अशी होळीपर्यंत मजल जाते.

यात तुम्हाला उपयोगाची एक गोष्ट आहे. भाऊबीज कधी येते त्यावर सीझनची सुरुवात कशी होणार ते ठरतं. २०२३ मध्ये ती नोव्हेंबरच्या मध्यावर होती, २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला. दिवाळी लवकर आली की भारी, म्हणजे उशिरा तयार होणारं, धान शेतात उभंच असतं आणि आमचे निम्मे वादक, पडदेवाले, छोट्या भूमिकांतले कलाकार घरी शेती असलेले. त्यांना कापणीला चार दिवस जावंच लागतं, आणि ते गेले तर त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. म्हणून लवकरच्या दिवाळीला मी प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवतो. दिवाळी उशिरा आली की कापणीची ओढ कमी असते, पण थंडी आणि दव पहिल्याच रात्रीपासून. तेव्हा वायरी, माईक आणि गळे यांची काळजी आधी.

आता वहीकडे, म्हणजे नाटकाच्या हाताने लिहिलेल्या प्रतीकडे येतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर आहे.

आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत लपलेला नसतो. तो स्टेजच्या समोर, वादकांच्या शेजारी, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत पूर्ण नाटक वाचतो. कलाकार ऐकत ऐकत बोलतो. शहरातून आलेल्याला हे सुरुवातीला कमीपणाचं वाटतं, पाठांतर नाही असं वाटतं. तसं समजू नका. जो नट ६० रात्रींत कधी दोन-दोन कंपन्यांच्या नाटकांत उभा राहतो, त्याला वाक्य कानात घेऊन त्याच क्षणी त्यात जीव ओतता येतो. ही वेगळी विद्या आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या इथे तयार झाली आहे. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा वडशात आम्हा सगळ्यांना वाटलं की हा मान पडद्यापुढच्या आणि मागच्या प्रत्येकाचा आहे.

आमचे प्रॉम्प्टर काका नवीन नाटकाची वही स्वतः हाताने उतरवतात. छापील किंवा टाइप केलेली प्रत ते वापरत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, उतरवताना हाताला कळतं की कुठलं वाक्य लांब आहे आणि श्वास कुठे घ्यायचा. कागद जाड, एकाच बाजूला लिहिलेला, अक्षर बोराएवढं. पात्राचं नाव लाल पेन्सिलीने, वाक्य निळ्या शाईने. एंट्री जिथे आहे तिथे ती लिहिलेली नसते, तिच्या अर्धं पान आधी समासात एक उभी रेघ आणि पात्राचं नाव असतं. रेघ दिसली की काका डावा हात उचलतात, मी विंगेतून तो बघतो आणि नटाला उभं करतो. गाण्याला चौकोन, मारामारीला फुली, ब्लॅकआउटला काळा ठिपका. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक घड्याळ काढलेलं असतं, त्यात त्या पानावर किती वाजता पोचायला हवं ते लिहिलेलं. पानं उलटताना दवाने चिकटू नयेत म्हणून प्रत्येक पानाच्या खालच्या टोकाला मेणबत्तीचं मेण चोळलेलं. पहाटे तीनला, हात गारठलेले असताना, त्या मेणाची किंमत कळते.

मला वहीची किंमत दुसऱ्याच सीझनला कळली. तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो. आदल्या गावी सामान भरताना वही ऑर्गनच्या गवसणीखाली राहिली आणि ऑर्गन भाड्याचा, तो वेगळ्या गाडीने परत गेला. रात्री पावणेअकराला कोरचीकडच्या एका गावात पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं. मोटारसायकलवर माणूस पाठवला. दोन अडीच तास वादकांनी गाणी वाजवली, एकाने नकला केल्या, मंडळाच्या अध्यक्षांनी दोनदा माईकवर येऊन हात जोडले. नाटक सव्वा वाजता सुरू झालं. तणशीवर, म्हणजे धानाच्या काडावर, चादरी गुंडाळून बसलेली माणसं, मांडीवर झोपलेली लेकरं, म्हाताऱ्या बाया, एकही जण उठून गेला नव्हता. मी विंगेतून ते बघत होतो. त्या लोकांनी तिकिटं काढली होती, लेकींना बोलावलं होतं, वर्षभर वाट बघितली होती. त्या रात्रीपासून माझ्याकडे वहीच्या दोन प्रती असतात, दोन वेगळ्या गाड्यांत, आणि गाडी सुटायच्या आधी दोन्हींना मी हात लावून बघतो. तुम्हीही नुसतं "घेतली का" असं विचारू नका. हात लावून बघा.

दुसऱ्या प्रतीचा आणखी एक फायदा आहे. ती उतरवायला मी नेहमी एखाद्या तरुण पोराला बसवतो. वही उतरवणाऱ्याला पूर्ण नाटक माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा इन्स्पेक्टर तापाने फणफणला तेव्हा तीच वही उतरवलेला पोरगा त्याची टोपी घालून उभा राहिला आणि काकांच्या आवाजावर तिन्ही प्रवेश निभावून गेला. पँट मागून चार सेफ्टी पिनांनी धरलेली होती.

आता पेट्या. इथे तुमचा पुण्याचा अनुभव कामाला येईल, फक्त थोडा उलटा करून. स्पर्धेत सामान वस्तूंप्रमाणे लावतात, म्हणजे भांडी एका खोक्यात, कागदपत्रं दुसऱ्या. इथे प्रॉपर्टी अंकाप्रमाणे लावा आणि कपडे माणसाप्रमाणे. पहिल्या अंकाची ट्रंक, दुसऱ्याची, तिसऱ्याची. अंक संपला की त्याची ट्रंक तिथेच भरून कुलूप लावायचं. असं केलं तर पहाटे पाचला, सगळे झोपेने पेंगत असताना, दोन ट्रंका आधीच गाडीत गेलेल्या असतात. कपड्यांचं उलट, कारण कलाकार बदलला, आजारी पडला, मधूनच दुसऱ्या गावाहून आला, तर त्याची एकच पेटी उचलून देता आली पाहिजे. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवा आणि चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका, दवात ती सुटते. पत्र्याला दोन भोकं पाडून सुतळीने बांधा.

गाडी भरताना जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. आमच्या गाडीत तळाशी फर्निचर, मग तिसऱ्या अंकाची ट्रंक, दुसऱ्याची, पहिल्याची, मग कपडे, मग लाइट आणि माईक, आणि सगळ्यात वर, दाराशी, पडद्यांचे बांबू, दोर, सब्बल (पहार) आणि खुंट्या. गावात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लागतं ते हेच.

पडद्यांबद्दल एक वेगळी सूचना. रंगवलेले पडदे, म्हणजे महाल, जंगल, रस्ता, झोपडी, पावसाळाभर कुठेतरी कोंबलेले असतात. आश्विनातलं ऊन पडायला लागलं की ते सगळे उलगडून दोन दिवस सावलीच्या कडेला वाळवा. थेट उन्हात रंग उडतो आणि सुरकुतीवर फुटतो. उंदरांनी कुरतडलेलं असेल तर आत्ताच कळेल. ठिगळ मागच्या बाजूने लावा आणि पुढून रंगाचा हात मारा. पडदा घडी करून कधीही ठेवू नका, बांबूवर गुंडाळा. हे काम तुम्ही यायच्या आधी कोणी केलेलं नसेल तर तुमच्या सहा दिवसांतला एक दिवस यातच जाईल, म्हणून मालकांना आत्ताच फोन करा.

गावातली जागा कशी असते? बऱ्याच गावांत मंडळ शेतात खोदकाम करून प्रेक्षकांसाठी उतार काढतं, निघालेली माती स्टेजच्या कामाला येते, भोवती कनाती लागतात. मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून स्टेज दिसतो. मी अनेक बांधलेली नाट्यगृहं पाहिली आहेत, त्यांतल्या काहींपेक्षा या खोदलेल्या जागेत जास्त चांगलं दिसतं आणि ऐकू येतं. पण माती ओली असू शकते, भराव कच्चा असू शकतो. पोचल्याबरोबर मी स्टेजवर चालत नाही, उड्या मारतो. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध. कुठे दबलं तर मंडळाच्या पोरांना लगेच माती ठोकून घट्ट करायला सांगतो. दुसऱ्या अंकात नाच आला की सगळा भार तिथेच येतो.

दोन बाबतींत मी कुणाचंही ऐकत नाही, मालकांचंही नाही. पहिली वीज. ओली माती, दव, उघडे जोड आणि अनवाणी वावरणारी माणसं, हे सगळं एकाच जागी असतं. स्वतंत्र अर्थिंग घातल्याशिवाय, आणि ती जागा पाण्याने भिजवून घेतल्याशिवाय, मी माईक चालू करू देत नाही. वायरींचे जोड जमिनीवर ठेवत नाही, बांबूला बांधून कमरेच्या वर उचलतो आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळतो. दुसरी गोष्ट आग. प्रेक्षकांना बसायला तणस पसरलेली असते. कापणीनंतरचं कोरडं धानाचं काड, त्यात विडी, आणि जवळ हॅलोजन. हॅलोजनचे खांब तणशीपासून किमान पाच हात लांब, खांबाभोवती माती उघडी केलेली, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे ड्रम भरलेले. रिकामा ड्रम दाखवून "भरतोच आहे" असं कोणी म्हणालं तर भरेपर्यंत तिथेच उभे राहा. मंडळाची पोरं चांगली असतात, पण त्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे असतात आणि तिकीटविक्रीची घाई असते. त्यांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.

बाईमाणसांची सोय हाही तुमच्याच यादीतला विषय समजा. कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का, शौचालय किती लांब आहे, तिथवर उजेड आहे का, हे गावात पोचल्यावर विचारायचं नाही. आदल्या दिवशी फोनवर विचारायचं, म्हणजे मंडळाला शेजारचं घर मोकळं करून घ्यायला वेळ मिळतो. आमच्या कंपनीत ज्येष्ठ अभिनेत्री एकच गोष्ट तपासायच्या, कडी. कडी नसेल तर मेकअपला बसायच्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं. आता मी पेटीत दोन कड्या, स्क्रू आणि पेचकस कायमचा ठेवतो.

वेळेचं गणित तुम्हाला नवीन वाटेल. पत्रिकेवर दहा लिहिलेलं असतं. गावात पाहुण्यांची जेवणं उरकतात, मग उद्घाटन, मग सत्कार, मग भाषणं. पडदा साडेअकराला उघडला तर वाईट वाटून घेऊ नका, आणि भाषणं आवरायला माणूसही पाठवू नका. ही त्या गावची रात्र आहे. पण पहाट आपल्यासाठी थांबत नाही. उजाडायला लागलं की लाइटिंगचा परिणाम जातो. तिसऱ्या अंकातला मृत्यूचा प्रवेश उघड्या उजेडात झाला तर पाच तास साचलेलं सगळं वाहून जातं. म्हणून वहीच्या कोपऱ्यातली ती घड्याळं. दुसरा अंक तीनपर्यंत संपला नाही तर काय कापायचं, हे तालमीतच ठरलेलं असतं. आमच्या वहीत अशा पाच जागा हिरव्या कंसात असतात. प्रत्येक कापाचं शेवटचं वाक्य आणि पुढचं पहिलं वाक्य कलाकारांना माहीत असतं. काकांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या की हिरवा कंस गेला असं समजायचं. विनोदी प्रवेश मात्र मी सहसा कापू देत नाही. रात्री दोननंतर तो प्रवेशच माणसांना जागं ठेवतो.

आता तुमचे सहा दिवस. मी कसे वापरतो ते सांगतो, तुमच्या दिग्दर्शकाप्रमाणे पुढेमागे करा. पहिला दिवस पूर्ण वाचनाचा, प्रॉम्प्टरच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना तो आवाज आणि वेग ओळखीचा होतो. नवीन कलाकाराला काकांच्या समोर बसवा, शेजारी नको. समोरून ओठही दिसतात. दुसरा आणि तिसरा दिवस एंट्री-एक्झिट, गाणी आणि मारामारी. लांब संवादांवर वेळ घालवू नका, ते वही सांभाळून घेईल. वही एंट्री सांभाळू शकते, पण धावत येणारा नट कुठल्या विंगेतून येतो आणि खाली पडणारा कुठल्या बाजूला डोकं करतो हे ती सांभाळू शकत नाही. चौथा दिवस माईकचा. वर टांगलेल्या माईकखाली उभं राहून बोलणं, बोलताना पुढचं वाक्य ऐकणं, आणि प्रॉम्प्टरचा आवाज माईकमध्ये न जाणं, या तिन्ही गोष्टी एकत्र जमायला एक अख्खा दिवस लागतो.

पाचव्या दिवशी कलाकारांना सुट्टी द्या. मालक म्हणतील दिवस वाया घालवता. त्यांना समजावा. त्या दिवशी फक्त मागची माणसं लागतात. महाल ते झोपडी, झोपडी ते रस्ता, असे सगळे बदल घड्याळ लावून, नुसते, नटांशिवाय, पुन्हा पुन्हा करा. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काय असेल ते ठरवा. रिकाम्या हाताने कोणी स्टेजवरून जायचं नाही. आमचा सगळ्यात अवघड बदल पहिल्यांदा चार मिनिटांचा होता, संध्याकाळपर्यंत ५० सेकंदांवर आला. मग तोच दिवे बंद करून करा, कारण खरा तसाच होणार आहे. सहाव्या दिवशी सगळं सामान गाडीत भरा, गाडी वडशाला एक फेरी मारून परत आणा, उतरवा, उभं करा आणि मग रंगीत तालीम घ्या. काय विसरलं, काय तळाशी गेलं, कुठली ट्रंक उघडत नाही, ते सगळं या एका दिवशी कळतं, आणि तेव्हा बाजार जवळ असतो.

सीझन सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त जपायचा माणूस म्हणजे ड्रायव्हर. आपण स्टेजवर असतो तेव्हा त्याने झोपायला हवं. त्याला पडदा ओढायला, चहा आणायला, तिकिटावर बसायला लावू नका. त्याच्यासाठी गाडीपासून लांब, आवाज कमी येईल अशा घरात खाट मागून घ्या. सकाळी सगळे गाडीत झोपतात आणि तो एकटा जागा असतो. कुरखेडा, ब्रह्मपुरी, नागभीड या बाजूचे रस्ते जंगलातून जातात, वाघ आहेतच, २०२१ पासून गडचिरोलीत रानहत्तीही आलेत. रस्त्यावर जनावर दिसलं तर गाडी थांबवायची, हॉर्न वाजवायचा नाही, खाली उतरायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. मोबाईल काढून उतरणारा एकजण प्रत्येक कंपनीत असतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, सोबत काय आणू. डोक्याला लावायची टॉर्च, दोन. जाड चादर आणि कानटोपी, कारण डिसेंबरात स्टेजच्या मागे वारा थेट येतो. बुटांचा जोड असा की झटकन काढता येईल, कारण रोज नटराजाच्या पूजेला आणि गावच्या देवळात जावं लागतं. सेफ्टी पिना पाव किलो. सुतळी, काळा धागा, दाभण. स्वतःचा पाण्याचा थर्मास. आणि एक कोरी, जाड पानांची वही.

ती वही घेऊन तालमीच्या तीन दिवस आधीच या. दिवाळीच्या तोंडावर गाड्यांना गर्दी असते, तिकीट आताच काढून ठेवा. तुमच्या कंपनीचा प्रॉम्प्टर कोण आहे ते विचारा आणि तो नाटक उतरवायला बसला असेल तिथे जाऊन बसा. तो निळ्या शाईने लिहील, तुम्ही तुमच्या वहीत उतरवा. दुसरी प्रत तयार होईल, आणि तालमीच्या पहिल्या दिवशी ती कुठल्या गाडीत ठेवायची हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.